उदेपुराहून जैसलमेरास
या सप्ताहात एका स्नेह्यांनी राजस्थानच्या सफरीचा तक्ता अभिप्रायार्थ पाठविला, त्यात उदेपूर ते जैसलमेर ही सारी मजल रात्रीच्या निद्रेत उरकण्याचा बंदोबस्त पाहून मी तो नामंजूर केला. वाळवंटात डोंगर उतरूनच दाखल व्हावे. मेवाडच्या पठारावरील खामलीघाटाहून गोरमघाटाच्या दरीतून फुलादकडे उतरणारी मीटरगेज गाडी, जी वळणावर स्वतःचेच शेपूट न्याहाळते आणि जिच्या उतारूंच्या शिदोरीची वानरे जकात नाक्यावरील कारकुनाच्या अधिकाराने झडती घेतात, ती मेवाड कोठे संपतो आणि मारवाड कोठे आरंभतो हे जितक्या निःसंदिग्धपणे दाखविते तितके कोणताही नकाशा दाखवीत नाही. अरवली नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेली असल्यामुळे अरबी समुद्रावरून येणारे पर्जन्यवाहक वारे तिला न अडखळता कडेकडेने निघून जातात. आमच्या सह्याद्रीप्रमाणे ती त्यांच्या वाटेत आडवी उभी राहती, तर मारवाडचे भाग्य निराळे असते! मारवाड जंक्शनास रुंद रुळांची गाडी धरून जोधपूर गाठावे, वाटेत शेतांच्या बांधांवर खेजडी, म्हणजे दसऱ्याला पूजिली जाणारी शमी, ओळखून ठेवावी. जैसलमेरापुढे सुमारे ४० किलोमीटरांवर समच्या वालुकाराशी आहेतच. डिसेंबरचा हट्ट मात्र सोडावा, कारण तोवर घाटातले ओहळ आटतात. भाद्रपद उतरता उतरता निघावे, आणि ज्यांस उकाडा सोसत नाही त्यांनी खुशाल महाबळेश्वरास जावे.