तळीरामाला वगळू नका

व्यसनमुक्तीच्या नाटकात विनोद नको, प्रेक्षक एकदा हसला की उपदेशाचे गांभीर्य गेले, असा विचार आपल्या धर्मग्रामांतील कार्यक्रमांच्या निमित्ताने अधूनमधून मांडला जातो. त्यामागील हेतू शुद्ध आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु तो विचार चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दारूवरील मराठीतील सर्वांत प्रभावी नाटक कोणते? राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला'. 1919 च्या जानेवारीत गडकरी निवर्तले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची होती. या नाटकात सुधाकराचा अधःपात आहे, दळण दळून संसार ओढणारी सिंधू आहे, बापाच्या हातून होणारा बाळाचा अंत आहे. आणि त्याच नाटकात तळीराम व त्याचे 'आर्य मदिरा मंडळ'ही आहे. मद्यपानाचे शास्त्रशुद्ध समर्थन करणारी ती मंडळी पाहून प्रेक्षक पोट धरून हसतो. तळीराम आजारी पडल्यावर त्याच्या उशाशी वैद्य आणि डॉक्टर यांची जुंपते, तेव्हाही हसतो.

हा विनोद केवळ विरंगुळा म्हणून घातलेला नाही. सनद काही काळ रद्द झाल्याने दुखावलेल्या सुधाकराच्या हाती पहिला प्याला देतो तो तळीरामच. ज्याच्या चतुराईवर आपण टाळ्या दिल्या, त्याच्याच संगतीने एक घर उद्ध्वस्त होते. म्हणून सिंधूवर काठी पडते तेव्हा प्रेक्षकाला नुसते दुःख होत नाही, तो ओशाळतो. मघाशी आपणही त्या मंडळात बसलो होतो, हे त्याला उमगते. तळीराम वगळा, म्हणजे प्रेक्षक सुटला. मग दारुडा हा कोणीतरी दुसरा असतो आणि आपण केवळ न्यायाधीश उरतो.

हे मिश्रण खपवून न घेणारे पंडित अन्यत्रही झाले. शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'मध्ये राजाचा खून होताच दारू प्यालेला द्वारपाल येऊन बडबड करतो. कोलरिजसारख्या श्रेष्ठ समीक्षकाला तो प्रवेश नटांनी मागाहून घुसडलेला वाटला. आज मात्र तो प्रवेश त्या नाटकाचा अविभाज्य भाग मानला जातो. त्या हशामुळेच आतील रक्तपात अधिक भयाण भासतो.

आता आपल्याच नगर जिल्ह्याकडे पाहू. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे दुष्काळी गाव दारूभट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध होते. 1975 मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, गावाला शपथ दिली आणि भट्ट्या बंद करविल्या. न ऐकणाऱ्यांना खांबाला बांधून फटके देण्यात आले. त्या शिक्षेवर वाद झाला आणि तो व्हायलाही हवा. भट्ट्या बंद झाल्या, हे मात्र नाकारता येत नाही. तथापि ही कथा व्यासपीठावरून सांगितली जाते, तेव्हा बहुधा खांब आणि फटके एवढेच लक्षात राहतात. खांबाला बांधलेला तो माणूस आदल्या संध्याकाळी पारावर मित्रांना हसवत असेल, त्याच रात्री त्याच्या घरची चूल थंड राहिली असेल, हे कोण सांगणार? फटका भीती घालील. पण दारुड्यात आपला भाऊ ओळखायला लावणे हे कथेचे काम आहे, आणि हसू व आसू एकत्र आल्यावाचून ते होत नाही.

विरुद्ध बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. सिंधूला बाजूला सारून केवळ तळीरामाचे प्रवेश रंगविणे, चित्रपटांत झिंगणाऱ्या माणसाला निव्वळ गंमत म्हणून नाचविणे, ही गडकऱ्यांशी प्रतारणा होय. आज 'तळीराम' हा शब्द मराठीत थट्टेने वापरला जातो आणि सिंधूचा विसर पडतो. दोष हसण्याचा नव्हे, त्या हसण्याची किंमत न दाखविण्याचा आहे.

म्हणून नाटके बसविणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे: तळीरामाला खुशाल रंगमंचावर आणा, लोकांना मनमोकळे हसू द्या. मात्र पडदा पाडण्यापूर्वी त्यांना सिंधूच्या घरी घेऊन जा.