शाळेचा सर्व्हर बदलला, दाखला अडला

गेल्या जूनमधील गोष्ट. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून आम्ही एका गावच्या माध्यमिक शाळेत पाणी प्यायला थांबलो होतो. कार्यालयाच्या दारात एक शेतकरी उभे होते. मुलाला आयटीआयला घालायचे, त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा. हा त्यांचा तिसरा हेलपाटा. लिपिक म्हणाले, "काय करू साहेब, मशीन नवं आलंय, पण दाखल्याची फाईल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसत्यात." शेवटी जनरल रजिस्टरवरून दाखला हाताने लिहून दिला. पण वाफसा आलेला असताना त्या माणसाचे तीन दिवस गेले ते गेलेच.

हा एकट्या त्या शाळेचा प्रश्न नाही. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ऑफिस २०१६ व ऑफिस २०१९ यांचाही त्याच दिवशी संपला. सर्व्हरवर चालणारी विंडोज सर्व्हर २०१२ ही प्रणाली तर १० ऑक्टोबर २०२३ लाच मुदतीबाहेर गेली. म्हणजे हे संगणक त्या दिवशी बंद पडले असे नव्हे. लसीकरण थांबलेले जनावर चरते, दूधही देते. साथ आली की मात्र पहिले तेच आडवे होते. तशीच ही अवस्था. म्हणून शाळाशाळांतून बदल सुरू झाले आहेत. बदल आवश्यकच आहे, पण तो उलट्या क्रमाने होतो आणि त्याचा भुर्दंड पालकांना बसतो.

दुखणे नेमके कोठे?

शाळेचे नेटवर्क गावच्या नळयोजनेसारखे असते. सर्व्हर ही टाकी, वायरी म्हणजे पाइप आणि संगणक म्हणजे नळ. एकच संगणक अडला तर दोष बहुधा त्या संगणकात किंवा त्याच्या वायरीत. एक पूर्ण रांग अडली तर त्या रांगेचा स्विच पाहावा. सगळेच अडले तर सर्व्हरकडे जावे. एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. प्रत्यक्षात एक नळ कोरडा दिसला की लोक टाकीच खोलायला बसतात.

सर्व्हर बदलल्यानंतर नेहमी आढळणाऱ्या अडचणी चार.

पहिली, पत्त्याची. नव्या सर्व्हरला वेगळे नाव किंवा वेगळा पत्ता दिला की बाकीचे संगणक जुन्याच पत्त्यावर फायली शोधत बसतात. शक्यतो जुनेच नाव व पत्ता कायम ठेवावा.

दुसरी, जुन्या-नव्याची भाषा न जुळण्याची. फायली वाटून घेण्याची एक फार जुनी पद्धत २०१७ पासून नव्या विंडोजमध्ये मुळातच बंद ठेवलेली असते. सर्व्हर त्याच पद्धतीचा असेल तर नव्या संगणकाला तो दिसतच नाही. अशा वेळी जुनी पद्धत कायमची उघडून ठेवू नये, ती धोक्याची आहे. फायलीच नव्या जागी हलवाव्यात.

तिसरी, मराठी अक्षरांची. दाखला अडला तो यामुळेच. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसला की मूळ इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. फाईल बिघडलेली नसते. घाबरून ती पुसू नये. जुना फॉन्ट टाकला की मजकूर दिसतो. मात्र पुढच्या सोयीसाठी असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदलल्यावर जोडाक्षरे व रफार मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. दाखल्यावर नाव चुकले तर पोराला जन्मभर निस्तरावे लागते.

चौथी, निकालपत्रकांची. गुरुजी मंडळी एक्सेलमध्ये तयार केलेली निकालपत्रके मोबाईलवरून एकमेकांना पाठवतात. त्यांत आपोआप गणित करणारे मॅक्रो असतात. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो ऑफिसने २०२२ पासून मुळातच अडवले आहेत. फाईल खात्रीच्या माणसाकडून आली असेल तरच तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन अडथळा काढावा.

आधी प्लॉट, मग शिवार

नवे वाण आले म्हणून शहाणा शेतकरी सगळे रान त्याच्याखाली आणत नाही. आधी दोन गुंठ्यांत करून पाहतो. येथेही तोच नियम लावावा.

१) प्रथम मोजदाद करावी. कोणता संगणक कधीचा, त्यात काय आहे, हे वहीत लिहावे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा.

२) सर्व फायलींच्या दोन प्रती काढाव्यात. एक शाळेत, एक शाळेबाहेर. प्रत काढली म्हणजे झाले असे नाही; ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

३) एकच संगणक बदलून आठवडाभर त्यावर खरे काम करावे. दाखला छापावा, पगारबिल काढावे, यू-डायसची माहिती भरावी. प्रिंटर चालतो का हेही तेव्हाच कळते.

४) सर्व्हर सर्वांत शेवटी, दिवाळीच्या किंवा मेच्या सुटीत बदलावा. जूनचे प्रवेश आणि फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षा सुरू असताना हात लावू नये. जुना सर्व्हर किमान महिनाभर तसाच राखून ठेवावा.

जे संगणक विंडोज ११ ला चालत नाहीत ते लगेच भंगारात घालण्याचे कारण नाही. लिनक्स आणि लिबरऑफिस ही मोफत साधने आहेत. केरळमधील सरकारी शाळांनी अनेक वर्षांपासून हाच मार्ग धरला आहे. मात्र मॅक्रोची निकालपत्रके, डिजिटल सहीची साधने व प्रिंटर तेथे चालतात का, हे आधी तपासावे. संस्थांना पैसे भरून विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत घेता येतात. शाळांसाठी हा दर बराच कमी आहे.

जबाबदारी कोणाची?

डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आयसीटी योजनेतून अनेक शाळांना संगणक मिळाले. ठेकेदाराने संच बसवायचे, पाच वर्षे चालवायचे आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायचे, अशी पद्धत ठिकठिकाणी होती. पाच वर्षे संपली की यंत्रे शाळेत राहतात आणि ती जाणणारा माणूस निघून जातो. सर्व्हरचा पासवर्डही पुष्कळदा त्याच्याबरोबरच जातो. खरे दुखणे हे आहे. खरेदीला निधी असतो, सांभाळायला नसतो. ट्रॅक्टर घ्यायचा आणि डिझेलची तरतूद करायची नाही, त्यातला हा प्रकार.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीने आणि सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांनी पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारावेत. सर्व्हरचा पासवर्ड बंद पाकिटात शाळेच्या कपाटात आहे का? फायलींची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली? देखभालीसाठी वर्षाला किती रक्कम ठेवली आहे? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. ग्रामपंचायतीच्या संगणकालाही हेच प्रश्न लागू आहेत, हे वेगळे सांगायला नको.

आणि कागदावरचे जनरल रजिस्टर जपावे. त्या दिवशी दाखला मिळाला तो त्याच्याच जिवावर.