ईश्वरी पाचारण कोठें ऐकूं येतें?

देवानें आपणांस कशासाठीं निर्मिलें, हा प्रश्न तुमच्या मनांत कधीं ना कधीं येतोच. त्याचें उत्तर एकांतांत, आकाशवाणीप्रमाणें मिळेल, अशी कित्येकांची समजूत असते. आमचें मत निराळें आहे. तें बहुधा मंडळीच्या सेवेंत, जवळच्याच गरजेंत सांपडतें.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली. परंतु त्या विद्येचें चीज पुढें झालें. १८९६-९७ च्या दुष्काळांत निराधार झालेल्या मुलींना त्यांनीं आश्रय दिला, व केडगांवचें मुक्तिसदन वाढीस लागलें. इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनीं पवित्र शास्त्राचें सुबोध मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या; ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

तो छापण्याचे श्रम मात्र सदनांतील मुलींनीं व स्त्रियांनीं केले. मग खिळे जुळविणारीचें पाचारण पंडितेहून हलकें कसें म्हणावें? पौलानें मंडळीस शरीराची उपमा दिली, ती याच अर्थानें.

पालकांसही आमची विनंती आहे. मुलाच्या नोकरीचीच चिंता न वाहतां, त्याच्या हातून कोणाचें दुःख हलकें होतें, हेंही पाहावें. गणितांत मागें पडलेला मुलगा आजाऱ्याच्या उशाशीं धीरानें बसत असेल, तर त्यास निरुपयोगी म्हणूं नये.

विद्यार्थ्यांनो, मोठ्या हाकेची वाट पाहत बसूं नका. आज समोर आलेलें काम निष्ठेनें करा. पुढील वाट त्यांतूनच दिसूं लागेल.