नाव तरंगमबाडीचे, उड्डाण मध्यरात्रीचे

कुंभकोणमहून पूर्वेकडे निघाले की 50-60 किलोमीटरवर, समुद्रकाठी, तरंगमबाडी लागते. 1620 ते 1845 या काळात डॅनिश वसाहत असलेले हे गाव युरोपीयांना ‘ट्रान्केबार’ म्हणून ठाऊक होते. 1804 मध्ये फाब्रिसियस या लिनियसच्या शिष्याने एका सुतार भुंग्याला या गावाचे नाव दिले. हाच आजचा झायलोकोपा ट्रान्केबारिका. फाब्रिसियस भारतात कधीच आला नाही. त्याच्यापूर्वी, 1787 मध्ये, स्वेडेरसने दुसऱ्याच एका भुंग्याचे बारसे याच गावावरून केले होते: ट्रान्केबारोरम. जाती दोन, नावे जवळजवळ एकच. विद्यार्थ्यांनी गोंधळावे अशीच ही सोय म्हणायची!

एकांड्या माश्यांत गणल्या जाणाऱ्या या भुंग्यांच्या निकटच्या जाती अंगावरची लव, पंखांच्या शिरा आणि नराची जननेंद्रिये पाहून वेगळ्या केल्या जातात. ते आवश्यकच आहे. पण टाचणीला टोचलेला कीटक तो कोणत्या प्रहरी उडत होता हे सांगत नाही. भीमाशंकरच्या अरण्यात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन सुतार भुंग्यांचा अभ्यास केला. ल्युकोथोरॅक्स दिवसाचा, टेन्युइस्कापा मुख्यतः दिवसाचा, पण चांदण्यात कधीमधी बाहेर पडणारा, आणि ट्रान्केबारिका पूर्ण निशाचर, चंद्र नसलेल्या रात्रीही उडणारा. डोळ्यांची मूळ रचना दिवसा उडणाऱ्या माश्यांसारखीच असूनही तो ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखतो, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणूनच संग्रहातील चिठ्ठीवर केवळ गाव आणि तारीख लिहून थांबणे ही अर्धवट नोंद होय. वेळ, घरट्याचे लाकूड, भेट दिलेले फूल हे सारे नमुन्यासोबत जपले पाहिजे. ‘काळा मोठा भुंगा’ एवढ्या नोंदीवरून कोणत्या झाडाचे परागण रात्री होते हे कसे कळावे? डीएनए जुळवला की काम संपले, असे मानणाऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावे: ज्या संचाशी तो जुळवायचा, त्यातील नाव कुणीतरी भिंगाखाली नमुना पाहूनच दिलेले असते. तिथे चूक झाली, तर यंत्र तीच चूक बिनबोभाट पुढे नेते. अशा भिंगामागे बसणाऱ्या माणसाला मात्र आपल्या महाविद्यालयांत ‘जुन्या पद्धतीचा’ समजले जाते.

कुंभकोणमच्या एखाद्या विद्यार्थ्याने वाळलेल्या खोडाजवळ रात्रभर वही घेऊन बसायचे ठरवले, तर त्याला महागडे यंत्र लागणार नाही. सकाळी नमुना ताडून देणारा जाणकार तेवढा जवळपास हवा.