हिरकणीची बातमी

आठवड्याभराची वर्तमानपत्रे एकत्र घेऊन बसावे, म्हणजे मोठ्या बातम्यांपेक्षा लहान बातम्यांचीच मौज अधिक वाटू लागते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा रायगडाचे नाव पहिल्या पानावर झळकले. ते योग्यच झाले. परंतु त्याच गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे, तिचे नाव कोणत्या पानावर येते? बहुधा सुटीच्या दिवसांत, आतल्या पानावर, ‘रोपवेला पर्यटकांची गर्दी’ अशा चार ओळींत.

जिच्यावरून वाडीला हे नाव पडले, तिच्या काळी वर्तमानपत्रे नव्हती. असती तर? लोककथा अशी की, हिरकणी गडावर दूध घालण्यास जात असे. कोजागिरीच्या दिवशी तिला उशीर झाला आणि सूर्यास्त होताच महादरवाजा बंद झाला. घरी तान्हे मूल. पहारेकरी हुकुमाचे ताबेदार. ते काही दार उघडीनात. तेव्हा ती रात्री कड्यावरून उतरून घरी गेली. आता पहिल्या दिवशीचा मथळा पाहा : ‘गडावरून गवळण बेपत्ता’. दुसऱ्या दिवशी : ‘गवळण घरी सुखरूप, पहारेकऱ्यांची चौकशी’. तिसऱ्या दिवशी कोणा शहाण्याने पत्र लिहून विचारले असते, की बाईने मूल घरी ठेवून गडावर जावेच का? चौथ्या दिवशी दुधाचा भाव वाढला असता आणि हिरकणीला सारे विसरले असते. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेने मात्र साडेतीनशे वर्षे तिला पहिल्या पानावरून हलू दिलेले नाही.

कथेचा शेवट तर अधिकच गमतीचा. शिवाजी महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधविला, असे सांगतात. तोच हिरकणी बुरूज. म्हणजे कौतुकही झाले आणि वाटही बंद झाली! राजनीतीच्या दृष्टीने ते बरोबरच होते. जेथून आई उतरते तेथून शत्रूही चढू शकतो. तरीपण आपल्याच नावाच्या भिंतीने आपली वाट अडवावी, असा मान फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल.

वाडीतून १९९६ पासून गडावर रोपवे जातो. सुमारे दीड हजार पायऱ्यांची चढण पाळण्यात बसून चार-पाच मिनिटांत संपते. आणि त्यासाठी रांगेत उभी असलेली मंडळी घड्याळाकडे पाहून ‘किती हा उशीर!’ म्हणून कुरकुरत असतात. समोर कडा सरळ उभा असतो. त्याच्याकडे एकदा मान वर करून पाहिले तर कुरकुर आपोआप थांबावी. पण बहुतेकांचे लक्ष पिठले-भाकरीच्या वासाकडे असते.

हिरकणी म्हणजे हिऱ्याची कणी. ही कणी आता दूरदूर पोहोचली आहे. एसटीने आपल्या निमआराम गाड्यांना तिचे नाव दिले. त्या रात्री बिचारीला निम्मासुद्धा आराम मिळाला नव्हता, पण ते असो. २०१९ साली तिच्या नावाचा चित्रपट निघाला. आणि तान्ह्या मुलांना दूध पाजता यावे म्हणून एसटी स्थानकांवर जे कक्ष झाले, त्यांनाही ‘हिरकणी कक्ष’ असेच नाव मिळाले. हे नाव मात्र अगदी नेमके पडले. आई आणि तिचे भुकेले मूल यांच्यामध्ये बंद दार येऊ नये, हे त्या कथेचे मर्म बुरुजापेक्षा आणि गाडीपेक्षा या लहानशा खोलीला अधिक साधले आहे.

पण एखाद्या दिवशी आतल्या पानावर पुन्हा चार ओळी दिसतात : कुठल्याशा स्थानकावरील हिरकणी कक्षाला कुलूप. पाटी सुरेख आहे, उद्घाटनाचे छायाचित्रही छापून आलेले आहे. किल्ली तेवढी कोणापाशी आहे हे कोणालाच ठाऊक नाही. ही बातमी चार ओळींत आटोपण्यासारखी नव्हे. रोपवेच्या गर्दीहून कितीतरी वरची जागा तिला मिळायला हवी. बाहेर बाकावर एखादी आई पदर सावरीत बसलेली असते, मूल रडत असते, आणि ‘दार केव्हा उघडेल?’ या तिच्या प्रश्नाला खिडकीतून उत्तर येत नाही. गडावरचे पहारेकरी कठोर खरे; परंतु एवढे तरी ते सांगू शकत होते. सूर्योदयाला.