चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला?

आपल्या छत्रपती संभाजीनगरात सत्तरी ओलांडलेले असे कितीतरी आईवडील आहेत, ज्यांची सकाळ चाळिशीतल्या मुलाच्या वा मुलीच्या गोळ्या मोजण्याने सुरू होते. घरात स्किझोफ्रेनिया आला की औषध, झोप, जेवण, भास या सर्वांवर लक्ष राहते. डोळ्यांची तपासणी मात्र बहुधा शाळेत असताना झालेली, तीच शेवटची.

डोळे आणि मनोविकार यांच्या या नात्याच्या अभ्यासात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॉ. स्टीव्हन सिल्व्हरस्टीन यांची कारकीर्द गेली. ते अनेक वर्षे रटगर्स विद्यापीठात होते. पुढे रॉचेस्टर विद्यापीठात गेले. त्यांनी अभ्यासलेला एक प्रकार आपणही अनुभवू शकतो. जत्रेतला कागदी मुखवटा उलटा धरून त्याची पोकळ बाजू थोड्या अंतरावरून पाहावी. आत गेलेले नाक बाहेर आल्यासारखे दिसते. जन्मभर पाहिलेल्या चेहऱ्यांच्या अनुभवाने मेंदू डोळ्यांवर मात करतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांना मात्र तो मुखवटा पोकळच दिसतो. २०१३ मध्ये सिल्व्हरस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हा फरक आजाराच्या अवस्थेशी बांधलेला आहे. आजार ओसरला की फरकही ओसरतो. (घरी मुखवटा धरून कुणाची परीक्षा मात्र घेऊ नये. हे निदानाचे साधन नव्हे.)

पुढे ते दृष्टिपटलाकडे वळले. गर्भावस्थेत दृष्टिपटल मेंदूच्याच ऊतींतून घडते आणि शस्त्रक्रियेविना त्याची प्रतिमा घेता येते. काही संशोधकांना रुग्णांमध्ये हा पडदा पातळ आढळला होता. सिल्व्हरस्टीन यांच्या गटाने २०१८ मध्ये पाहिले, तेव्हा त्या पातळपणाचा संबंध मधुमेह व उच्च रक्तदाब यांच्याशी दिसला. आपल्याच आवडत्या कल्पनेला बाधा आणणारा निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला, हे मला त्या कारकिर्दीतले मोलाचे वाटते. आणि आपल्या कामाचेही तेच आहे, कारण मनोविकारावरील काही औषधांनी वजन व रक्तातील साखर वाढते.

फिनलंडमधील, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची नजर इतरांपेक्षा अधू आढळली, तरी त्यांची नेत्रतपासणी कमी वेळा झालेली होती. रुग्ण स्वतः तक्रार करीत नाही. तो वर्तमानपत्र बाजूला ठेवतो आणि आपण म्हणतो, आजारामुळे रस गेला. तिन्हीसांजेला दारात उभा असलेला माणूस ओळखू न आल्याने तो दचकतो, त्यालाही आपण संशयाचेच नाव देतो.

म्हणून घाटीत किंवा आपल्या नेहमीच्या नेत्रतज्ज्ञांकडे एकदा जावे. चष्म्याच्या नंबरासोबत थेंब टाकून पडद्याची तपासणी करून घ्यावी आणि सर्व गोळ्यांची पाकिटे दाखवावीत. हातापायांची थरथर थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या गोळीने जवळचे धूसर दिसू शकते. काचबिंदूचा धोका असल्यास तिच्याबाबत विशेष सावधगिरी लागते. तथापि कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये; आधी मनोविकारतज्ज्ञांना विचारावे. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास टेलि-मानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक जवळ असू द्यावा.

त्याच खेपेत आपलाही नंबर तपासून घ्यावा. पाकिटावरची बारीक अक्षरे रोज आपल्यालाच वाचायची असतात.