फॉर्म भरून घेतला, पुढे काय?



परीक्षा जवळ आल्या की वस्तीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुले-मुली दिसू लागतात. हातात फॉर्म नाहीतर मोबाइल. "काकू, दोनच मिनिटं." दोनाची वीस होतात. घरात माणसे किती, संडास आहे का, आजारी कोण, कमाई किती. शेवटी उंबऱ्यात उभे करून एक फोटो. आम्ही त्यांना पाण्याशिवाय कधी परत पाठवले नाही, बहुतेक वेळा चहाही झाला. पण त्या फॉर्मांचे पुढे काय झाले, हे विहारात येऊन कोणी सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही. एकदा तर दोन तरुण मुले दारात उभी राहून आमच्या लेकीबाळींना मासिक पाळीचे प्रश्न विचारत होती. त्यांचा दोष थोडा, पाठवणाऱ्यांचा जास्त.

आता ही मुले आणखी येतील. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळतात. चार श्रेयांक म्हणजे साधारण १२० तासांचे काम. समाजकार्य शिकणाऱ्यांना क्षेत्रकार्य आधीपासूनच आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेतही वर्षाला १२० तास द्यावे लागतात. हे तास अनेक जण एखाद्या सामाजिक संस्थेमार्फत पूर्ण करतात, आणि संस्थांचे काम असते भीमनगर, मिलिंदनगर, रमानगर, मुकुंदवाडी अशा आपल्या वस्त्यांत.

काही समाजबांधव म्हणतात, दारच उघडू नका. आम्हाला ते पटत नाही. १९५० साली बाबासाहेबांनी या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, ते आपली लेकरे शिकावीत म्हणून. विद्यापीठाला त्यांचे नाव मिळावे म्हणून मराठवाड्यात घरे जळाली, माणसे गेली, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या गेटसमोर आपण दरवर्षी नतमस्तक होतो. तिथली मुले वस्तीत येत असतील तर त्यांच्याकडून काम मागणे हा आपला हक्क आहे. मात्र काम कोणते, हे वस्तीने ठरवावे.

ड्रमचेच उदाहरण घ्या. जायकवाडी भरलेले असो की नसो, आपल्याकडे नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते. म्हणून घरोघरी ड्रम, टाक्या, हंडे भरलेले. डेंग्यूचा डास याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पत्रकात लिहिलेले असते, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा. पण ज्या घरात पुढचे पाणी आठव्या दिवशी येणार, ती बाई सहाव्या दिवशी ड्रम कसा ओतेल? हा प्रश्न पत्रक वाटणाऱ्याला पडत नाही, कारण तो पत्रक देऊन गेलेला असतो.

चार महिने दर आठवड्याला येणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र तो पडेल. मग तो ड्रम ओता म्हणणार नाही. जुनी सुती साडी दुहेरी करून ड्रमच्या तोंडावर घालायची आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची, हे सांगेल. पाणी यायच्या दिवशी, ड्रम तळाला गेलेला असतानाच, आतली बाजू काथ्याने घासून घ्यायला लावेल, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. मोठ्या टाक्यांसाठी महापालिकेच्या मलेरिया विभागाकडे गप्पी मासे मागेल. आणि एक वही ठेवेल, पाणी कोणत्या तारखेला आले, किती वेळ आले. चार महिन्यांची अशी वही घेऊन वस्ती महापालिकेत गेली तर ती नुसती तक्रार राहत नाही, तो पुरावा असतो.

क्षयरोगाचेही तसेच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट, हे बहुतेकांना ठाऊक आहे. अडते पुढे. घाटीत पहिल्यांदा जाणारा माणूस केसपेपर आणि ओपीडीच्या रांगेत गोंधळतो, रोज बुडतो, परत जात नाही. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. पैसे खात्यात आले का, नसतील तर कागद कुठे अडकला, हे पाहायला मोबाइल चालवता येणारे एक धीराचे माणूस पुरते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आरोग्यमित्र कुठे बसतो हे दाखवणे, तिथपर्यंत सोबत जाणे, यात कुणाचे श्रेयांक कमी होणार नाहीत.

आजारी भिक्खूची गोष्ट विहारात आपण ऐकली आहे. तो स्वतःच्या घाणीत पडून होता, कुणी बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. इतर भिक्खूंची विचारपूस नंतर झाली.

म्हणून आमचे म्हणणे असे. येणाऱ्याकडे महाविद्यालयाचे पत्र असावे. आधार क्रमांक देऊ नये, असल्या कामाला तो लागत नाही. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. कुणाला क्षय आहे, कुणाला एचआयव्ही, हे शेजाऱ्यासमोर विचारायचे नाही. बायकांचे प्रश्न बायकांनीच विचारावेत. आणि जे लिहून नेले ते जाण्याआधी विहारात मराठीत वाचून दाखवावे.

संस्थांना आणि विद्यापीठालाही एक गोष्ट सांगायची आहे. आपल्याच वस्तीतली मुले शिकता शिकता वाळूजच्या कंपनीत पाळी करतात, कुणी चिकलठाण्यात, कुणी केटरिंगला. १२० तास बिनपगारी म्हणजे त्यांचे पंधरा दिवसांचे रोज. सुखवस्तू घरातल्या मुलाला जे शिक्षण, ते आपल्या मुलाला दंड ठरते. निदान बसभाडे आणि एक वेळचे जेवण द्यावे, आणि जमेल तिथे त्याला स्वतःच्याच वस्तीत काम द्यावे. त्याला कोणाचे नळ कनेक्शन कधी तुटले हे विचारावे लागत नाही.

आमच्या विहारात आम्ही दाराजवळ एक वही ठेवली आहे. येणाऱ्याचे नाव, महाविद्यालय, संस्था, मार्गदर्शक शिक्षकांचा फोन, आणि शेवटच्या रकान्यात अहवाल वाचायला परत येण्याची तारीख. आतापर्यंत तिघांनी वही भरली. शेवटचा रकाना दोघांनी कोरा सोडला होता, तो आम्ही त्यांना परत बोलावून भरायला लावला.